अंधाऱ्या पाण्याचा रकाना

८ जानेवारी

नवं काम, म्हणून नवी वही. जुनीत चाळीस पानं कोरी आहेत, ती आईला दुधाचा हिशोब मांडायला दिली. आजपासून मी जलक्रीडा सुरक्षा समितीची कारकून. नाव केवढं भारदस्त! प्रत्यक्षात जोयड्यातल्या किराणा दुकानाच्या माडीवरची एक खोली, दोन टेबलं, एक खोकणारा प्रिंटर आणि नागराज साहेब. साहेब धारवाडचे. कन्नड बोलतात, रागावले की इंग्रजी. रामनगरहून सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं परत.

काम असं आहे. सुपा धरणाच्या फुगवट्यात गेल्या दोन वर्षांत माणसं बुडाली. आता तिथं पाणबुड्यांचं पथक नेमायचंय. पाणबुडा कुणाला म्हणायचं? ज्याच्याकडं कार्ड आहे त्याला. कार्डं देणाऱ्या संस्था सात. त्यातल्या कुणाचं कार्ड खरं धरायचं हे समितीनं ठरवायचं, म्हणजे साहेबांनी, आणि साहेबांना तक्ता करून देणार मी.

जेवताना प्रवीणला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "अक्का, मग माझं कार्ड?"

"बघू. नियमात बसलं तर बसलं," मी तोंड घट्ट करून म्हटलं.

"नियम तूच लिवणार न्हवं?"

आई हसली, मग आम्ही सगळेच हसलो. प्रवीण माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा तो पहिलीत होता, हात धरून शाळेत मीच सोडायची. आता गणेशगुडीला राफ्ट चालवतो. डिसेंबरात समुद्रावर सहा दिवसांचं शिक्षण घेऊन आलाय, निळं कार्ड आणि माशांबरोबरचा फोटो घेऊन. पथकात लागला तर बारमाही नोकरी. पावसाळ्यात घरी बसून आईशी भांडायला नको.

११ जानेवारी

संस्थांची इंग्रजी नावं एकसारखी एक, माझा गोंधळ व्हायला लागला. म्हणून कार्डाच्या रंगावरून ओळखते. निळी, पिवळी, तांबडी, अशा सहा. सातवी लक्ष्मण मामांची.

लक्ष्मण मामा म्हणजे नौदलातले जुने पाणबुडे, मूळचे कारवारकडचे. निवृत्त झाल्यावर गणेशगुडीला पाण्याकाठी येऊन राहिले. बुडालेलं माणूस शोधायचं म्हटलं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्या दाराशी जातात. पाच-सहा पोरांना शिकवतात, फी म्हणून कुणी तांदूळ आणून देतं, कुणी काहीच नाही. त्यांचं कार्ड रामनगरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधलं. कोपऱ्यात चक्क गणपती! साहेबांनी ते दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "मुहूर्त किती वाजताचा?" मला हसू आवरेना.

प्रवीण त्यांच्याकडं वर्षभर जातोय आणि मामांनी त्याला हे गणपतीचं कार्डसुद्धा दिलेलं नाही. समुद्रवाल्यांनी सहा दिवसांत दिलं. आता काय म्हणायचं?

१९ जानेवारी

आज तक्ता झाला. रकाने सहा: आंतरराष्ट्रीय मानकाचा नंबर, विमा, संगणकावर पडताळणी, लेखी परीक्षा, एकूण बुड्या, आणि अंधाऱ्या पाण्यातल्या बुड्या. सहावा रकाना मामांनीच सुचवलेला, त्यांच्या अर्जातून मी घेतला होता. पण तो कागदावर मावेना. अक्षर बारीक केलं तरी बाहेर. शिवाय त्यात सहा संस्थांपुढं रेघ, आणि एकट्या मामांपुढं 'किमान चाळीस'. मामांचे बाकीचे रकाने, एकूण बुड्या सोडल्या तर, सगळे मोकळे.

साहेब म्हणाले, मोठमोठ्या संस्थांपुढं अशा रेघा बऱ्या दिसत नाहीत, आणि एकाच माणसासाठी रकाना ठेवायचा म्हणजे पक्षपात होतो. मी काढून टाकला. तक्ता काय देखणा दिसतोय आता! चारही बाजूंना समान जागा. साहेबांनी कधी नव्हे ते शाबासकी दिली.

२६ जानेवारी

सुट्टी. आईला घेऊन गणेशगुडीला गेले, लेकाचं शिकणं बघायचं म्हणून ती कधीची मागं लागली होती.

मामांची तऱ्हाच वेगळी. पोराच्या मास्कला आतून काळा कागद लावायचा, कमरेला दोर बांधायचा आणि फुगवट्याच्या कडेला, बुडालेल्या झाडांत सोडायचा. खाली कुठंतरी पितळी तांब्या ठेवलेला, तो चाचपडत शोधून आणायचा. दोराचं टोक मामांच्या हातात. आणि मध्येच मामा एका पोराकडून खालच्याच्या पायात फांदी नाहीतर जाळ्याचा तुकडा अडकवून घेतात. आई म्हणाली, "ह्यो शिकवतोय का छळतोय?"

आधी सुदेश उतरला, प्रवीणचा दोस्त. पाय अडकला तसा दोर एकदम सैल पडला. तो खाली नुसता थांबून राहिला, मग सावकाश सोडवून घेऊन तांब्यासकट वर आला. मग प्रवीण. तांब्या त्याला सुदेशच्या निम्म्या वेळात सापडला, पण पायाला जाळं लागलं मात्र आणि वर पाण्याला उकळी फुटल्यागत झालं. मामांनी ओढून घेतला. तोंड लालबुंद. मामांनी खिशातली वही काढून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रवीण. अकरावी खेप. अजून न्हाई."

सगळ्यांदेखत! मला राहवलं नाही. "मामा, त्याला समुद्रवाल्यांनी कार्ड दिलंय. तुमचंच काय अडलंय?"

"समुद्रात झाडं नसतात, पोरी."

"म्हणजे तो कच्चा?"

"पवण्यात त्याचा हात धरणारा न्हाई कोण. पण अडकलं की मान्सानं आधी थांबायचं असतंय. त्याला थांबाय येत न्हाई. लहानपणापासनंच घाईचा असंल."

लहानपणापासून घाईचा आहेच. सातव्या महिन्यात जन्मला. पण ते ह्यांना सांगायची गरज नव्हती. परतताना प्रवीण म्हणाला, "अक्का, म्हाताऱ्याला दुसऱ्याचं कार्ड बघवत न्हाई." मलाही तसंच वाटतं.

३ फेब्रुवारी

अर्ज, हरकती, सगळ्याची मुदत ३१ जानेवारीला संपली. आणि आज लक्ष्मण मामा माडी चढून आले. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल, हातात बंद पाकीट. मनात म्हटलं, आले. आता कळली कार्डाची किंमत.

पाकीट फोडलं. कन्नडात, जुन्या वळणाचं, एकच कागद पाठपोट भरून. वर लिहिलेलं: 'विषय: पाणबुड्यांच्या यादीबाबत विनंती.' विनंती म्हटल्यावर पुढं काय असणार? आवक नंबर घातला आणि नेहमीप्रमाणे वर लाल शाईनं लिहिलं, 'मुदतीनंतर आले. फायलीस लावावे.' खाली सही ठोकली.

"वाचशील न्हवं?" मामांनी विचारलं.

"कचेरी आहे मामा ही. इथं सगळं वाचलं जातं."

ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "मी आल्तो म्हणून प्रवीणला सांगू नगो."

लाज वाटली असणार, शिष्याच्या बहिणीकडं हात पसरायची. मला दयाच आली जरा. नाही सांगितलं प्रवीणला.

१९ फेब्रुवारी

यादी मंजूर! निळी, पिवळी आणि तांबडी ह्या तीन संस्थांना मान्यता, बाकीच्या चार बाद. प्रवीणची निवड झाली. मी साहेबांना आधीच सांगितलं होतं की माझा भाऊ अर्जदार आहे, ते म्हणाले तक्ता स्वच्छ आहे ना, मग झालं. तक्ता स्वच्छच होता.

आईनं गव्हाची गोड हुग्गी केली. प्रवीण नारिंगी जाकीट घालून घरभर फिरला, मग गल्लीभर. आई म्हणाली, "लक्ष्मणच्या पाया पडून ये जा, गुरू हाय तुझा." आधी कुरकुरला, पण जाऊन आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"दुसरं काय? दोर लावल्याबिगर उतरू नगो म्हणाला. आणि सोताचा दोर दिला." त्यानं तो खुंटीला अडकवला. "अक्का, आमच्यात दोर न्हाई लावत. जोडीनं जातात. म्हाताऱ्याला काय म्हाईत की."

८ मार्च

विशेष काही नाही. प्रवीणसाठी खानापूरकडचं एक स्थळ आलंय. मुलीचं नाव प्रियांका. साध्या फोटोपेक्षा माझा जाकिटातला फोटो आधी पाठवा म्हणाला, गाढव.

१४ एप्रिल, रविवार

हुबळीचा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, फुगवट्यात होडी उलटून बुडाला. लाइफ जाकीट काढून फोटो काढत होता म्हणे. प्रवीणला फोन आला तेव्हा तो जेवत होता. ताट तसंच टाकून निघाला. पथकाचं पहिलंच काम.

१५ एप्रिल

सापडला नाही. पाणी उतरलंय, बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेत, पण खाली हाताला हात दिसत नाही म्हणाला प्रवीण. दमला होता. मुलाची आई काठावर बसून आहे, पाणीसुद्धा घेत नाही. "उद्या काढतोच बघ त्याला," म्हणाला. आईनं पाय चेपून दिले, तर झोपलासुद्धा.

जाताना दोर खुंटीवरच होता. मी बघितला होता.

१६ एप्रिल

प्रवीण गेला.

२९ एप्रिल

तेराव्यापर्यंत वही हातात धरवली नाही. आज धरते. नाही लिहिलं तर मी हळूहळू वेगळंच आठवायला लागेन, माझा माझ्यावर भरवसा नाही.

सुदेशनं सांगितलं ते असं. सकाळी नऊला प्रवीण आणि त्याचा जोडीदार, पिवळ्या कार्डाचा, दोघं उतरले. तळाशी गाळ उसळला आणि जोडीदाराला प्रवीण दिसेनासा झाला. नियमाप्रमाणे त्यानं एक मिनिट शोधलं आणि नियमाप्रमाणे वर आला. प्रवीण वर आला नाही.

लक्ष्मण मामा दोन दिवस काठावर होते. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, मी उतरत न्हाई, नुसता दोर धरतो. पण दोरी बांधून हद्द केली होती आणि पहाऱ्यावरच्या माणसानं यादी बघितली. यादी जीपच्या काचेवर चिकटवलेली. मीच छापलेली, चारही बाजूंना समान जागा सोडून. "मामा, तुमचं नाव न्हाई ह्यात," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

जोडीदार एकटा वर आलेला बघितल्यावर मामांनी कुणाला विचारलं नाही. काठावरचा सिलिंडर पाठीला लावला, सुदेशच्या हातात दोर दिला आणि गेले. सत्तरीला आलेला माणूस. अर्ध्या तासानं दोर चार वेळा हलला, ओढा म्हणून. आधी प्रवीणला आणलं. परत गेले आणि हुबळीच्या मुलाला आणलं, तो तिथून वीस हातांवर होता.

जुन्या आंब्याच्या बुंध्याला कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं होतं. प्रवीणचा पाय त्यात. झटापटीत जाळं गुडघ्यापर्यंत गुंडाळलं, तोंडातली नळी सुटली, मास्क निघाला. सिलिंडरात निम्मी हवा शिल्लक होती.

निम्मी. सुदेश हे सांगून रडला. मी त्याच्याकडं बघत बसले. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की थांबला असता तर. नुसता थांबला असता तर.

मेल्या, कधी कुठं थांबला नाहीस रे तू. शाळेत जातानासुद्धा हात सोडवून पुढं पळायचास.

६ मे

कामावर गेले. घरी बसून आईचं तोंड बघवत नाही.

चौकशी लागली आहे. वरून पत्र आलं: मूळ फाईल पाठवा आणि नव्यानं तक्ता करा, अंधाऱ्या पाण्यातल्या सरावाच्या रकान्यासह. मी वाचलं आणि साहेबांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

फाईलीच्या पानांवर नंबर घालायला बसले. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. सत्तेचाळीसावं पान लक्ष्मण मामांचं. वर माझी लाल शाई. आज वाचलं. मराठीत उतरवून ठेवते, शब्द न गाळता:

'मान्यता कुणाला द्यायची ते समितीनं ठरवावं. माझ्या कार्डाला नाही दिली तरी माझी तक्रार नाही. विनंती एवढीच, की समुद्रातलं कार्ड बघून कुणाला सुप्याच्या पाण्यात दोराशिवाय उतरवू नये. प्रवीण हा माझा शिष्य. पोहण्यात आणि शोधण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. परंतु पायाला काही लागलं की तो झटापट करतो. मी अकरा वेळा पाहिलं. त्याला पावसाळ्यापर्यंत वेळ द्यावा, तो तयार होईल, जबाबदारी माझी. तोपर्यंत त्याचं नाव मागं ठेवावं. हे त्याला कळू देऊ नये, मुलाला वाईट वाटेल. त्याची बहीण आपल्याच कचेरीत आहे, ती समजूतदार आहे, ती समजून घेईल.'

बाकी विषय, नंबर, तारीख, सही सगळं व्यवस्थित. मामांनी अर्ज नीट लिहिला होता.

साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला. मग हळूच मराठीत म्हणाले, मला वाटतं पहिल्यांदाच, "केशर मेडम, नंबर अजून पेन्सिलीनंच घातलेत न्हवं? हे पान तुमच्याकडं ऱ्हाऊदे." वाईट माणूस नाही. माझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हणाले. थोडं स्वतःसाठीही असेल.

मी पान काढलं. डब्याच्या पिशवीत घातलं. घरी आणलं. हे मी केलं.

९ मे

नवा तक्ता केला, आडव्या कागदावर. आडव्या कागदावर सहाही रकाने सहज मावतात. तेव्हा हे का नाही सुचलं? एक बटण दाबायचं असतं फक्त.

दुपारी गणेशगुडीला मामांकडं गेले, सहाव्या रकान्यासाठी त्यांची माहिती पुन्हा हवी होती. निदान साहेबांना तसं सांगून गेले. मामा अंगणात जाळ्याचे तुकडे जाळत बसले होते.

"माझं नाव घालू नगोस," म्हणाले. "मी शिकवायचं सोडलं."

"मामा, आता मान्यता मिळेल तुम्हाला."

"कशाला? ज्याला शिकवायचं त्याला बाहेर काडून आणलं की मी."

मग म्हणाले, "तू वाचलंस न्हवं माजं पत्र? मला वाटलं वरच्यांनी ऐकलं नसंल तुझं."

तीन महिने हा माणूस असं समजून होता, की केशरनं सांगून बघितलं असणार. मला म्हणता आलं असतं, व्हय मामा, ऐकलं नाही त्यांनी. तोंडावर आलं होतं. मी नुसती मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. काठीनं विस्तव सारखा केला आणि "च्या घेतीस?" असं विचारलं. मी घेतला.

१२ मे, रविवार

पान उद्या परत नेणार आहे. सत्तेचाळीस, शाईनं. साहेब काय म्हणायचं ते म्हणूदेत, चौकशीत काय व्हायचं ते होऊदे. घरात ठेवलं तर ते मला खाऊन टाकेल.

ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवत होते, तेवढ्यात आई आली. तिला कन्नड बोलता येतं, पण लिहायला-वाचायला कुठलीच भाषा येत नाही.

"कसला कागद त्यो?"

"कचेरीतला."

"प्रवीणचा हाय?"

नाही म्हणणं शक्य होतं. म्हटलं, "लक्ष्मण मामांचं पत्र आहे. प्रवीणबद्दल."

"वाच की मग."

वाचलं. मराठी करत करत, शेवटपर्यंत. बहीण समजूतदार आहे, तेसुद्धा वाचलं. आई दाराला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "देवमाणूस. न्हाई ऐकलं तर कोण त्याचं?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. रेशनच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या केसपेपरवर, तिच्या प्रत्येक अंगठ्याशेजारी गेली वीस वर्षं माझी सही असते. सहीखाली एक रेघ आणि दोन टिंबं, अण्णांची होती तशी. आईनं लाल शाईवर बोट ठेवलं.

"ही सही तुझी न्हवं?"

"व्हय."

"कवाची?"

"फेब्रुवारीतली. तो जायच्या आधीची."

ती कितीतरी वेळ त्या टिंबांवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग वाचायचं हुतंस की गं," आई म्हणाली.